पोराची शाखा कोण ठरवतो?



कापसाच्या बियाण्याचे पाकीट घ्यायचे असले की आपण चार दुकाने फिरतो. गेल्या साली शेजाऱ्याच्या वावरात कोणते वाण चांगले आले, बोंड केवढे होते, आपल्या हलक्या जमिनीत ते तग धरेल का, हे दहा जणांना विचारतो. एवढे करूनही फसतो, ती गोष्ट निराळी. पण घरातल्या पोराने किंवा पोरीने दहावीनंतर काय शिकायचे, हा प्रश्न आला की आपण कोणालाच विचारत नाही. पोरगा शाळेतून येतो, मित्राचे नाव सांगतो, "तो जिथे जातो तिथेच मी जातो" म्हणतो आणि आपण मान हलवतो. पाकिटाला चार दिवस आणि पोराला पाच मिनिटे!

एक हंगाम बुडाला तर पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येते. अकरावीची निवड चुकली तर ती दुरुस्त करायला दोन-तीन वर्षे जातात, आणि पुष्कळदा ती दुरुस्त होतच नाही. म्हणून या जिल्हा बैठकीच्या अंकात भाव, कर्ज आणि वीजबिल बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला आहे.

विषय सुचला तो मनोरला. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे पालघर तालुक्यातले हे गाव. तिथल्या भातशेतकऱ्यांच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. आपली पऱ्हाटी आणि ज्वारी तिथे नाही. तिथे भात, नागली, वरई. बैठक संपल्यावर एक आदिवासी बाई पोरीला घेऊन पुढे आल्या. भाताच्या भावाबद्दल काही विचारतील असे वाटले. त्यांनी विचारले, "दादा, हिला दहावीला चांगले मार्क पडलेत. नर्स व्हायचं म्हणते. आमच्या जवळच्या आश्रमशाळेत अकरावीला आर्टच आहे. तिथं घातली तर नर्स होईल का?"

प्रश्न साधा होता. सभेत आम्ही तीन-चार शिकलेले लोक होतो, पण एकालाही लगेच नेमके उत्तर देता आले नाही. ते उत्तर पुढे दिले आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी बोईसरहून काही पोरे आम्हाला भेटायला मनोरला आली. ही पोरे आपल्याच भागातली, कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या घरांतली. तारापूरच्या एमआयडीसीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. तिथे ही पोरे ठेकेदाराच्या हजेरीवर राबतात आणि एका खोलीत सहा-सात जण राहतात. त्यांच्यातले दोघे बी.ए. झालेले होते. ड्रम उचलणे, गोण्या भरणे, टाकी धुणे ही त्यांची कामे. त्याच कारखान्यात प्लँट चालवणारा ऑपरेटर आयटीआय झालेला, प्रयोगशाळेत माल तपासणारा रसायनशास्त्राचा बी.एस्सी. झालेला. ते दोघे कंपनीच्या पटावर आणि ही पोरे ठेकेदाराच्या वहीत. अपघात झाला तर पहिली धग हेल्परलाच लागते, आणि हा औद्योगिक पट्टा तर स्फोट, आगी आणि वायुगळती यांसाठी वर्तमानपत्रांत सारखा येत असतो.

त्यांच्यातला एक जण म्हणाला, "भाऊ, मले दहावीला गणितात बरे मार्क होते. आयटीआय करता आलं असतं. पण कोनी सांगतलंच नाही. गावात आर्टचं कॉलेज होतं, तिथंच नाव टाकलं."

भावांनो, कोणी सांगितलेच नाही, हे वाक्य आम्हाला फार लागले. कारण सांगणाऱ्यांत आम्हीही असायला हवे होतो. भावाच्या प्रश्नावर आम्ही रस्ते अडवले, तुरुंगात गेलो. पण याच पोरांच्या गावात दहावीच्या निकालाच्या आठवड्यात आम्ही एकदाही गेलो नाही.

मग पोराची शाखा ठरवतो कोण? आमच्या पाहण्यात चौघे आहेत.

पहिली म्हणजे एस.टी. ज्या गावाला सकाळची गाडी जाते आणि संध्याकाळी परत येते, तिथले कॉलेज हेच पोराचे कॉलेज. तिथे विज्ञान नसेल तर पोराच्या नशिबात विज्ञान नाही. पोरीच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे. पण गाडीच नसेल तर पास काय कामाचा?

दुसरा म्हणजे मार्कांचा आकडा. ज्याला जास्त मार्क त्याने सायन्स, मधल्याने कॉमर्स, उरलेल्याने आर्ट, अशी वर्णव्यवस्था आपण मांडून ठेवली आहे. ज्याला इतिहासाची, भाषेची खरी गोडी आहे अशा हुशार पोराला सायन्सला ढकलायचे आणि ज्याचे हात यंत्रावर चालतात त्याला मठ्ठ ठरवून आर्टमध्ये बसवायचे. दोघांचेही नुकसान.

तिसरा म्हणजे क्लासवाला आणि दलाल. लातूर-नांदेडच्या क्लासांतून शेतकऱ्यांची पोरे डॉक्टर झाली, हे खरे आहे आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. पण जी झाली नाहीत त्यांचे फोटो चौकातल्या फलकावर लागत नाहीत. कॉलेजात नाव नुसते कागदावर, दोन वर्षे क्लास, मग 'रिपीट'चे तिसरे वर्ष आणि शेवटी रिकाम्या हाताने परतलेला पोरगा. असे प्रत्येक गावात एक-दोन तरी आहेत. त्यांच्या बापांना विचारा.

आणि चौथा म्हणजे बापाची रागाने भरलेली इच्छा. "काहीही कर, पण शेती करू नको." ही इच्छा का होते ते आम्ही जाणतो. शेतीत तोटा आहे म्हणूनच ती होते. पण कशापासून पळायचे हे ठरल्याने कुठे जायचे हे ठरत नाही.

या चौघांत खुद्द पोराला कोणी विचारलेले नसते.

आम्ही स्वतः याच वाटेने गेलो आहोत. घरी कापूस. आम्हाला गणित आवडायचे. गावातल्या एका शहाण्या माणसाने वडिलांना सांगितले, "डॉक्टर करायचा ना, मग गणित सोडून द्या." आम्ही गणित सोडले. डॉक्टरकीला मार्क कमी पडले आणि इंजिनियरिंगचे दार आम्हीच आधी लावून घेतले होते. उरली शेतकी, म्हणून शेतकीला गेलो. पुढे त्या विषयात आमचे मन रमले हा योगायोग. सगळ्यांचा योगायोग चांगला निघत नाही.

तेव्हा कोणते दार कुठे उघडते आणि कुठे बंद होते, हे आपण नीट समजून घेऊ.

दहावीनंतर अकरावी ही एकच वाट नाही. आयटीआयचा एक किंवा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे: फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक, रासायनिक कारखान्यातला ऑपरेटर. आयटीआयनंतर कारखान्यात अप्रेंटिस म्हणून शिकता येते. दुसरी वाट तंत्रनिकेतनाची, म्हणजे पॉलिटेक्निकची. तीन वर्षांचा डिप्लोमा दहावीच्या मार्कांवर मिळतो, आणि तो पुरा झाला की इंजिनियरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे असते. म्हणजे आयटीआयला गेलेला पोरगा पुढे इंजिनियर होऊ शकतो. हे किती घरांत माहीत आहे?

अकरावी-बारावी विज्ञान घेतले, तर गणित ठेवायचे की जीवशास्त्र हा खरा प्रश्न. महाराष्ट्रात इंजिनियरिंगच्या पदवीसाठी जी सीईटी होते तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. डॉक्टरकीला नीट परीक्षा, आणि तिथे जीवशास्त्र. शेतकीच्या पदवीला आणि फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्ही गट चालतात. ज्या पोराचे अजून ठरत नाही आणि ज्याला अभ्यास झेपतो, त्याने चारही विषय ठेवावेत, घाईने एक दार लावून घेऊ नये. ज्याला झेपत नाही त्याच्यावर चारही लादू नयेत.

आता मनोरच्या त्या मायबहिणीचे उत्तर. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान आणि त्यात जीवशास्त्र लागते. पोरीला आर्टमध्ये घातली तर ते दार बंद. मात्र जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा आहे, तिथे इतर शाखेतून बारावी झालेल्या मुलीही जाऊ शकतात. म्हणजे वाट अगदी संपत नाही, पण अरुंद होते. तिला विज्ञानाचे कॉलेज आणि राहायला वसतिगृह मिळाले तर उत्तम. हे त्या माउलीला अकरावीचा अर्ज भरायच्या आधी कळले पाहिजे, भरून झाल्यावर नव्हे.

आर्ट घेतले म्हणून आयुष्य संपले असे कोणी समजू नये. बारावी कोणत्याही शाखेची असो, पाच वर्षांच्या वकिलीला जाता येते, आणि कोणत्याही पदवीवर स्पर्धा परीक्षा देता येते. मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. विज्ञानातून कला-वाणिज्याकडे वळता येते, कलेतून विज्ञानाकडे वळता येत नाही. उतारावरून खाली यायला वाट असते, वर चढायला नसते.

आता शेतकीच्या पदवीबद्दल. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. सगळी १९६८ ते १९७२ या काळात झाली. शेतकऱ्याच्या पोराला वाटते की घरची शेती आहे, तर शेतकीच बरी. बरी आहे, पण ती कशासाठी ते ठरवून घ्या. आमच्या बरोबरीचे बहुतेक पदवीधर स्पर्धा परीक्षेच्या मागे लागले. काही बियाण्याच्या आणि औषधांच्या कंपन्यांत विक्रीला लागले. शेतात परत आलेले हाताच्या बोटांवर मोजावेत. मातीपरीक्षण, बीजोत्पादन, साठवण, शेतमालाची प्रक्रिया यांत उतरायचे असेल तर शेतकीसारखी पदवी नाही. पण नुसता 'कृषी पदवीधर' हा शिक्का हवा असेल, तर त्यासाठी खाजगी कॉलेजात डोनेशन देऊ नका.

इथे पैशाचा हिशेब आला. वर्षाला एक लाख रुपये फी धरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला. एक लाख म्हणजे तेरा क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल आला तर सव्वातीन एकरांचा सगळा कापूस फक्त एका वर्षाच्या फीत गेला. आणि हा हिशेब हमीभाव हातात पडला तर. बियाणे, खत, फवारणी, वेचाई यांचा खर्च त्यातून वजा केलेला नाही. पोराची खोली आणि मेस धरलेली नाही. चार वर्षांची फी भरायला म्हणून वावर गहाण पडते. पोरगा शिकला की सोडवू, असे आपण म्हणतो. पदवी चुकीची निघाली तर पोरगाही अडकतो आणि वावरही.

म्हणून वावराला हात लावण्याआधी काही गोष्टी पाहा. जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला की आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ. खुल्या गटातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, तिच्यात शिक्षण फीचा निम्मा भार सरकार उचलते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्. पण एक मेख लक्षात ठेवा: फी-सवलत मिळते ती सरकारी 'कॅप' फेरीतून घेतलेल्या प्रवेशाला. दलालाने व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा 'करून दिली', तर सवलत गेली आणि डोनेशनही गेले. आणि चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये असा नियम आहे. साहेब सातबारा मागू लागला तर नियम दाखवा, आणि एकटे जाऊ नका, चार जण मिळून जा.

दुसरी मेख कागदांची. राखीव जागेवर इंजिनियरिंग, डॉक्टरकी किंवा शेतकीला जायचे तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आज्याच्या, पणज्याच्या शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी शोधाव्या लागतात आणि त्यात महिनोन् महिने जातात. आपण अर्ज करतो बारावीच्या निकालानंतर, आणि सेतू केंद्राच्या रांगेत उभे असताना प्रवेशाची फेरी संपते. हा अर्ज पोरगा अकरावीत असतानाच करा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, यांची पिशवी दिवाळीपर्यंत तयार असावी. मार्क असून केवळ कागदामुळे जागा गेली, यासारखे दुःख नाही.

अकरावीचे प्रवेशही २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे दहा कॉलेजांपर्यंत पसंती द्यायची होती आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथेच जावे लागत होते. हा क्रम कितीतरी घरांत कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोराने टाकला. दुसऱ्याने भरलेल्या पसंतीला 'पसंती' कसे म्हणायचे? त्यातच दहावीचा निकाल आता मे महिन्यातच लागतो. २०२५ साली तो १३ मे रोजी लागला. म्हणजे बियाणे-खताची उसनवारी आणि पोराचा अर्ज एकाच पंधरवड्यात. बापाचे डोके तेव्हा ठिकाणावर नसते. म्हणून हा विचार मे महिन्यात करायचा नाही, संक्रांतीच्या आसपास करायचा, कापसाची वेचणी उरकत आली आणि हातात थोडा वेळ आहे तेव्हा.

पालघर जिल्ह्याने आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवावी. तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली, पुढे एमआयडीसी आली. आता वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे आणि बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होणार आहे. बंदराला तिथल्या मच्छीमारांचा आणि भूमिपुत्रांचा विरोध आहे. त्यांचे म्हणणे रास्त आहे आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की जमीन घेताना कोणी प्रमाणपत्र विचारत नाही, नोकरी देताना मात्र पहिले तेच विचारतात. ज्या गावात प्रमाणपत्र नाही त्या गावाला उरते ती ठेकेदाराची वही. उद्या आपल्या जिल्ह्यात महामार्ग, सौर प्रकल्प, सूतगिरणी असे काहीही येईल, तेव्हाही हेच होईल.

याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नव्हती कारण ती गुरे राखत होती. मग या बायांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. आपल्याला हेच करायचे आहे. शेतकरी बाप जिल्ह्याच्या मार्गदर्शन मेळाव्याला येत नसेल, तर माहिती त्याच्या पारावर गेली पाहिजे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. त्यांनी प्राथमिक शाळेत शेतीची तोंडओळखही मागितली होती. आज कॉलेजे गावोगाव झाली, पण कोणत्या दारातून आत जायचे ही माहिती अजून शहरातच आहे. शहरातल्या पोराला ती जेवताना बापाकडून, मामाकडून मिळते. आपल्या पोराला ती बोईसरच्या खोलीत, पाच वर्षे उशिरा मिळते.

म्हणून या जिल्हा बैठकीत पुढील गोष्टी ठरवाव्यात, असे आम्ही सुचवतो.

एक, प्रत्येक गावशाखेने संक्रांतीनंतर दहावीतल्या पोरापोरींची आणि त्यांच्या आईबापांची एक बैठक पारावर किंवा शाळेत घ्यावी. आईला बोलवायचेच, पोराची गोडी कशात आहे हे तिला बापापेक्षा जास्त ठाऊक असते.

दोन, गावातला जो कोणी आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, फार्मसी, शेतकी शिकला आहे, त्याने त्या दिवशी गावी यावे आणि खरे सांगावे. काय शिकलो, किती खर्च आला, आज काय मिळते. फसलेल्यानेही सांगावे. त्यात लाज नाही. त्याच्या एका शब्दाने दहा घरे वाचतील.

तीन, प्रत्येक तालुक्यात दोन कार्यकर्त्यांनी जात वैधता, दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज हेच काम वर्षभर करावे. मोर्चाला माणसे जमवण्याइतकेच ते महत्त्वाचे मानावे.

चार, जिथे विज्ञानाचे कॉलेज आहे पण गाडी नाही, तिथे एस.टी.च्या आगारावर गावाने मिळून जावे. आश्रमशाळांत आणि ग्रामीण कॉलेजांत विज्ञान शाखा द्या, ही मागणी आपल्या मागणीपत्रात घालावी.

पाच, जी पोरे आधीच ठेकेदाराच्या वहीत गेली आहेत, त्यांना सोडून देऊ नये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्यांसाठीच आहे. पंचविशी उलटली म्हणून शिक्षण बंद होत नाही.

शेवटी एक सांगणे. पोरगा शिकला की शेतीचा प्रश्न सुटला, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कापसाला आणि ज्वारीला खर्च भरून निघेल असा भाव मिळाला पाहिजे, ती लढाई चालूच राहील. शेती तोट्यात आहे म्हणून शिकायचे, ही शिक्षा झाली. आवडीने शिकायचे आणि आवडीने शेतीही करता यायची, हे स्वातंत्र्य झाले. आपल्याला पोरांसाठी स्वातंत्र्य हवे आहे.

बैठकीहून घरी गेल्यावर आज रात्री जेवताना पोराला एकच प्रश्न विचारा: "बाबा, तुला काय करावंसं वाटतं?" तो लगेच बोलणार नाही. आजवर कोणी विचारलेले नसते, म्हणून गप्प बसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. पोरीलाही विचारा.